शाळेचं शेण

१९९१ साल. मी पंचवीस वर्षांचा. लग्न व्हायचं होतं आणि गावातल्या तात्यांच्या उसाला रात्रीचं दारं धरायचं काम माझ्याकडं होतं. दारं धरणं म्हणजे लाईट आली की मोटर चालू करायची, पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढची सरी उघडायची. लाईट यायची ती रात्रीच, लोक झोपल्यावर. सकाळी घरी यायचो तेव्हा पायाची बोटं पांढरीफटक पडलेली असायची, जित्या माणसाची नसावीत तशी. आता मी साठीला टेकलोय. साठ म्हणजे काही फार नव्हे, पण त्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाची वर्षं दुप्पट धरावीत असं माझं मत आहे. गुडघे तरी तसंच सांगतात. शाळा मी तिसरीत सोडली. गुरुजींनी कारण नसताना कान पिरगाळला, मी दप्तर उचललं आणि घरी आलो. आयनं सांगितलं, वडलांनी, म्हणजे आबांनी सांगितलं, तरी परत गेलो नाही. लिहाय-वाचाय पुढं माझं मीच शिकलो, भजी बांधून आलेल्या पेपरांवर. त्यामुळं माझं लिहिणं हे असं आहे.

आमची वस्ती कळंब आणि लासुर्ण्याच्या मधे, गाडीवाटेला लागून. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, भिंती आबांनी स्वतः रचलेल्या, त्यामुळं एक भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आलेली. हिवाळ्यात कारखाना सुरू झाला की आमच्या घराचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. पहाटेच्या भोंग्याला आय चूल पेटवायची. पाचटाचा भडका करायचा, त्यावर वेड्या बाभळीची बारीक लाकडं, मग जाड. धूर पत्र्याखाली भरायचा आणि दारातून बाहेर पडायला त्याला घाई नसायची. आय एका डोळ्यानं रडत, एका डोळ्यानं भाकरी बघत थापायची. बाहेर गाडीवाटेवरनं उसाच्या बैलगाड्यांची रांग चाललेली, घुंगरांचा आवाज, गाडीवानांच्या शिव्या, आणि पोरं गाडीमागनं ऊस ओढायला पळायची. मी अंगावरचा चिखल धुऊन चुलीपुढं बसलो की आय हुलग्याचं माडगं पुढं ठेवायची. भरपूर लसूण घातलेलं, वर नुसता तिखटाचा लाल थर. ते प्यायलं की बोटांत जीव यायचा. माझी धाकटी बहीण यशोधरा, यशी, तेव्हा सहावीत होती. आमच्या दोघांत चौदा वर्षांचं अंतर, मधली भावंडं जगली नाहीत. ती तिथंच चुलीच्या उजेडात पुस्तक धरून बसलेली असायची. एक हात पुस्तकावर, एक हात फुंकणीवर. आता गॅसवर माझी सून पटकन चहा करते, चांगला करते, पण त्या माडग्याची चव काही जिभेवर परत आली नाही. धूर परत यावा असं मात्र मला कधी वाटलं नाही. आयचे डोळे त्यानंच गेले.

आमच्या घरात एक रीत होती, ती इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरनं घडलं. आमच्या घरात कुणी डोक्यावर पाटी घ्यायची नाही. आबा तरुण असताना आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्याआधी गावची मेलेली जनावरं ओढायची, मोठ्या घरांच्या गोठ्यांतलं शेण पाट्यांनी उकिरड्यावर न्यायचं, ही कामं आमच्या लोकांकडं. ती मजुरी नव्हती, ती ठरलेली होती. आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी घरोघर जाऊन, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून भाकरी मागायची. धम्म घेतल्यावर सगळी वस्ती बसली आणि ठरलं, ही कामं बंद. आबांनी शेणाची पाटी ओढ्यात नेऊन जाळली. माझा आजा म्हणाला होता म्हणे, पाटी कशाला जाळतो, दाणं ठेवायला तरी होईल. आबा म्हणाले, दाणं फडक्यात बांधू. तेव्हापासून दोन गोष्टी बंद झाल्या, डोक्यावर पाटी आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. आय सरपणसुद्धा खांद्यावरनं नाहीतर कडेवर आणायची, पोरासारखं. रस्त्यानं बायका हसायच्या. मी खताच्या पाट्या टाकायचं काम आलं की घरी बसायचो, उपाशी बसायचो. रात्रीचं दारं धरायला कुणी तयार नसायचं, ते मी घेतलं ते त्याच्यापायी. खोरं खांद्यावर राहतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत कंपनीची जीप आली. जीपवर हसरा सूर्य काढलेला आणि खाली हिरवं पान. कंपनी तेलाचा आणि गॅसचा धंदा करणारी, पुण्याकडची, नाव लिहीत नाही, आता ती त्या नावानं राहिलीही नाही. तेल विकणारी कंपनी पोरांना तेल कमी जाळा म्हणून शिकवायला का येते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजून पुरतं कळलेलं नाही. आबा म्हणाले, "दारूवाला दूध वाटाय आल्यागत हाय हे." पण कंपनीनं नुसती भाषणं केली नाहीत. शाळेच्या मागच्या अंगाला खड्डा खणून, विटांचा घुमट बांधून गोबरगॅसचा प्लांट बसवला. शेण आणि पाणी कालवायला एक सिमेंटची कुंडी, तिथनं पाईप आत, घुमटातनं दुसरा पाईप वर्गात, आणि वर्गात कोपऱ्यात एक शेगडी. कंपनीच्या बाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या, केस आखूड, बोलायला गोड. उद्घाटनाला सगळं गाव जमलं होतं. बाईंनी बाह्या वर सारल्या, कुंडीत कोपरापर्यंत दोन्ही हात घातले आणि शेण कालवलं. पोरांना म्हणाल्या, यात लाज नाही, ही ऊर्जा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला ती बाई आवडली होती.

सहावी-सातवीच्या पोरांचं ऊर्जा मंडळ केलं. नियम एकच, मंडळातल्या प्रत्येकानं रोज सकाळी एक पाटी शेण आणून कुंडीत टाकायचं. आणि हिवाळा सरता सरता बारामतीला मोठा कार्यक्रम व्हायचा होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ज्या ज्या शाळांत कंपनीनं काही केलं होतं, त्यांची पोरं येऊन आपापला प्रयोग सांगणार. जे पोरगं चांगलं सांगेल त्याला धरणावर नेऊन वीज कशी तयार होते ते दाखवणार. आमच्या शाळेतनं बोलायला यशीला निवडलं. तिच्या तोंडात ते सगळं असं बसलं की घरात दुसरा विषय राहिला नाही. बादलीत पातेलं पालथं घालून ती आबांना शिकवायची. म्हणायची, आत हवा शिरू द्यायची न्हाय, आत बारीक जीव असत्यात, त्यांना रोज खायाला लागतं, एक दिस चुकवलं की रुसत्यात. आबा म्हणायचे, म्हंजी तुझ्या आबासारखंच की. आय नुसती शेगडीच्या निळ्या जाळाबद्दल विचारायची. धूर खरंच न्हाय का, थोडासुद्धा न्हाय का, असं पुन्हा पुन्हा.

एका सकाळी मी चुलीपुढं पाय शेकत बसलो होतो. यशी माझ्या बोटांकडं बघत म्हणाली, "दादा, मी धरणावर जाणार. लाईट कुठनं येती ते बघणार, आन् ती रातचीच का येती ते इचारणार."

मी हसलो. पण ते माझ्या मनात जाऊन बसलं. आमच्या घरातलं कुणी बारामतीच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि कुणाला काही विचारलेलं तर त्याहून नव्हतं.

आमच्याकडं जनावर नव्हतं, ना बैल, ना म्हैस. मग यशी शेण आणायची कुठनं, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पहिल्या दिवशी तिनं कडीचा पत्र्याचा डबा नेला. गाडीवाटेवर उसाच्या बैलांचं शेण पडलेलं असतं, त्यातलं थोडं डब्यात घेतलं. आबांनी बघितलं आणि जाऊ दिलं. डबा हातात होता, डोक्यावर नव्हता. रस्त्यावरचं शेण कुणाचंच नसतं. आणि शाळेत सगळ्यांचीच पोरं आणतायत म्हटल्यावर बोलायचं काय.

पण शेण ही फुकटची वस्तू नाही, हे कंपनीला पुण्यात बसून कळलं नसावं. शेण म्हणजे शेतकऱ्याच्या घरचं खत, गोवऱ्या, सारवण. पहिले काही दिवस वरच्या आळीतल्या बायकांनी कौतुकानं पोरांबरोबर पाट्या दिल्या. मग पाट्यांची घमेली झाली, घमेल्यांच्या ओंजळी, आणि मग आज गोठा आधीच झाडला, आज गाय चरायला गेली, असं सुरू झालं. कुंडी तर रोज भरायला पाहिजे. मंडळ ज्याच्याकडं होतं तो जगताप गुरुजी वाईट माणूस नव्हता. आजारी बायको, रोज सायकलवरनं येणं-जाणं, आणि डोक्यावर बारामतीचा कार्यक्रम. त्यानं सोपं ते केलं. आमच्या वस्तीतली पोरं एवीतेवी गाडीवाटेवरनंच येतात, तीच येताना जास्त घेऊन येतील. मग डब्यानं भागेना, म्हणून शाळेच्या पाट्या दिल्या. मग येताना उशीर होतो म्हणून पहिल्या तासाला त्यांना मोकळं सोडायला लागला. हे सगळं इतकं हळूहळू झालं की कुणी कुणाला काही सांगितलं असं नाही. पाणी सरीतनं जसं आपोआप उताराकडं जातं तसं ते शेण आमच्या पोरांच्या डोक्यावर आलं.

मी बघितलं ते असं. रात्री मोटर जळाली होती, मेकॅनिकची वाट बघत थांबलो, त्यामुळं घरी यायला ऊन चांगलं वर आलं. गाडीवाटेच्या वळणावर पोरं येताना दिसली. शाळेची वेळ होऊन गेलेली. पुढं यशी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, एक हात वर धरलेला, कानामागं ओघळ आलेला. मागं वस्तीतलीच पोरं, सगळी आमची, एकसुद्धा वरच्या आळीतलं नाही. आणि ती गाणं म्हणत होती, शाळेत शिकवलेलं, सूर्याचं. मी वाटेच्या मधोमध उभा राहिलो. गाणं थांबलं. यशीनं मान न हलवता नुसते डोळे वर केले. पाटी डोक्यावर असली की माणसाला मान वर करता येत नाही. हे आबा आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते, आणि मी ते तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मी पाटी उतरवली आणि बांधाला ठेवली.

"दादा, ठिव डोक्यावर. उशीर झालाय. कुंडी भरली न्हाय तर गॅस बसंल."

"बसू दे."

"बारामती आठ दिसांवर हाय, दादा."

मी तिच्या डोक्यावरनं चुंबळ काढली, पोरांना म्हटलं पाट्या इथंच ठेवा, आणि सगळ्यांना घेऊन शाळेत गेलो. त्या शाळेच्या वर्गाकडं मी तिसरीनंतर गेलो नव्हतो. चिखलाचे पाय घेऊन दारात उभा राहिलो. आत वरच्या आळीतली पोरं बसलेली, फळ्यावर गणितं. जगताप गुरुजी बाहेर आले. मी म्हटलं, आमची पोरं वर्गात बसतील. गुरुजी म्हणाले, मग कुंडीत काय टाकू, घराघरांत जाऊन भीक मागू का. ते त्यांच्या तोंडातनं सहज गेलं, त्यांना काही माहिती नव्हतं. मग समजुतीनं म्हणाले की नियम त्यांचा नाही, कंपनीचा आहे. जो आणत नाही त्याला मंडळात ठेवता येत नाही, आणि मंडळात नाही त्याला बारामतीला नेता येत नाही, यशीलासुद्धा. प्रत्येकानं आणायचं असा नियम आहे.

मी म्हटलं, "मंग प्रत्येकाला आणू द्या, गुरुजी."

त्या दिवसापासून आमची पोरं वर्गात बसली आणि कुंडी कोरडी पडली. वरच्या आळीतनं कुणी भरली नाही. दोन-तीन दिवसांत शेगडीचा जाळ पिवळा झाला, मग भुकभुक करून विझला. यशी माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवायला बसली की ताट घेऊन आयच्या पलीकडं जायची. एकदा मात्र बोलली. आबा समोर होते तरी बोलली. म्हणाली, आबांनी जाळली ती पाटी पाटलाची व्हती, ही शाळेची हाय. तुमाला त्यातलं काय कळत न्हाय. आबा ताटातली भाकरी मोडत राहिले. ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. ती अकरा वर्षांची होती आणि तिला धरण बघायचं होतं.

शेवटी कंपनीच्या बाई आल्या. कार्यक्रम तोंडावर आणि दाखवायचा प्लांट बंद. दुपार कलताना शाळेच्या पटांगणात लोक बसवले. तात्या शाळेच्या कमिटीवर होते, ते पुढं खुर्चीवर. तात्या म्हणजे ज्यांच्या उसाला मी दारं धरायचो ते. बोलायला मोकळे, थट्टेखोर, मजूर माणसाला उपाशी ठेवणारे नव्हेत. त्यांचा नातू बाळू यशीच्याच वर्गात, मंडळातही होता. तात्यांनी मला बघून हाक मारली.

"काय सिदू, शेणाचा वास यायला लागला व्हय तुला? राती माझ्या खताच्या पाण्यात हुबा ऱ्हातो तवा येत न्हाय तो?"

लोक हसले. मी म्हटलं, "येतो की तात्या. त्याची मजुरी घेतो मी."

आणखी हसले, पण थोडे कमी. बाईंना यातलं काही समजलं नसावं. त्या मला समजावून सांगायला लागल्या की कामात उच्च-नीच नसतं, शेणात कसली लाज, मी स्वतः सगळ्यांसमोर हात घातले होते. मनापासून सांगत होत्या. मला भाषण करता येत नाही. पण ते वाक्य माझ्या पोटात कधीपासून होतं कोण जाणे, ते बाहेर पडलं.

"बाई, तुमी हात घातला तर टाळ्या पडल्या. आमी घातला तर ते आमचं काम ठरतं. तेवढाच फरक हाय."

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकलो. पण ती बाई लेचीपेची नव्हती. ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. मला हे दिसलं नाही. पण मग आता करायचं काय, तेही तुम्हीच सांगा. प्लांट बंद ठेवायचा? यशोधरानं बारामतीला जाऊन काय दाखवायचं, विझलेली शेगडी?" मग ती तात्यांकडं वळली आणि म्हणाली, सगळ्या पोरांनी आळीपाळीनं गाडीवाटेवर जायचं, मीही जाईन. तात्या म्हणाले, तुमी खुशाल जा बाई, आमची पोरं रस्त्यावर शेण येचाय न्हाय जायची, लोक काय म्हणतील. बाई म्हणाल्या, मग घरनं द्या. तात्या म्हणाले, देऊ की, आम्ही कधी न्हाय म्हटलं, कुणीतरी येऊन घेऊन जावं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. बैठक उठली. काही ठरलं नाही. बाई जीपपाशी गेल्या आणि जाता जाता यशीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलल्या. यशी नुसती मान हलवत होती. मी लांबनं बघत होतो. बाईंचा प्रश्न माझ्याच गळ्यात येऊन पडला होता. खरं बोलून माणूस मोकळा होतो म्हणतात. मी तर जास्तच अडकलो.

त्या संध्याकाळी मी घरीच होतो, रात्रीची लाईट येणार नव्हती. आयनं भाकरी आणि सुकट केलं होतं, ते कुणी नीट खाल्लं नाही. यशी भिंतीकडं तोंड करून पडली होती, झोपली नव्हती, पाठीवरनं कळत होतं. मी आबांना सगळं सांगितलं. आबांनी विडी पेटवली, विझली, परत पेटवली. त्यांचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं, हे आता लिहिताना ध्यानात येतंय. मला ते तेव्हा फार म्हातारे वाटायचे. मग ते बोलले. त्यांनी जे टाकलं ते पोरीची वाट बंद करायला टाकलं नव्हतं, असं काहीसं. मी म्हटलं, मग मी काय करू, पाटी तर घेणार न्हाय, आन् दारात कुणाच्या जायाचं न्हाय. आबा म्हणाले, "दारात जायाचं न्हाय, हे मी मागाय जायाचं न्हाय म्हणून म्हणलं व्हतं." मग विडी जमिनीवर दाबून विझवली. "जायचं आसंल तर रिकाम्या हातानं जा. आन् रिकाम्या हातानंच ये."

एवढंच. मला लगेच कळलं असं नाही. कळलं तेव्हा झोप गेली.

पुढचं पुढं झालं, ते एका दमात सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला फार हुरूप नाही. यशी बारामतीला बोलली. चांगली बोलली, पण धरणावर नेलं ते दुसऱ्याच कुठल्या शाळेतल्या पोराला. शेवटी प्रश्न आहेत का विचारल्यावर तिनं विचारलंच, शेतीला लाईट रातचीच का येते. पुढं बसलेले मोठे लोक हसले, टाळ्या वाजवल्या, शाबास म्हणाले. उत्तर कुणी दिलं नाही. ती आता इंदापूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि तिच्या वर्गातली पोरं तिला तेच विचारतात. प्लांट रडतखडत दोन-तीन वर्षं चालला. मग कंपनीची योजना संपली, बाईंची बदली झाली, जीप यायची बंद झाली. घुमट अजून आहे, वर बाभळ उगवलीय. आता दुसऱ्या कंपनीनं शाळेच्या छपरावर सूर्याच्या काचा बसवल्यात. त्या पुसायला वर कोण चढतं ते मी गेल्या महिन्यात बघून आलो. दमलो मी या बघण्याला. बघतो मात्र अजून.

तर त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. भोंगा झाला, आयनं चूल पेटवली, मी उठून तोंड धुतलं आणि पेटीतला धुतलेला सदरा घातला. यशीला म्हटलं, चल. ती म्हणाली, कुठं. मी म्हटलं, चल तर. तिनं सवयीनं डबा उचलला. मी तो तिच्या हातातनं काढून चुलीपाशी ठेवला. आबा दारात बसले होते, त्यांनी पाय आत घेऊन वाट दिली. आम्ही दोघं गाडीवाटेनं गावात गेलो आणि वरच्या आळीला पहिलं घर तात्यांचं, तिथं थांबलो. त्या घरामागच्या गोठ्यात आबांनी लहानपणी शेण काढलं होतं आणि त्याच उंबऱ्याबाहेर माझा आजा भाकरीसाठी उभा राहायचा. मी तात्यांच्या रानात वर्षानुवर्षं राबलो, पण दाराशी कधी आलो नव्हतो. मजुरीसुद्धा रानातच घ्यायचो. हात मागं बांधले तर चोरासारखं वाटलं, पुढं जोडले तर मागणाऱ्यासारखं. म्हणून दोन्ही हात सरळ सोडले, रिकामे, आणि हाक मारली.

तात्यांची मालकीण बाहेर आली. लुगड्याला हात पुसत, केरसुणी काखेत. तिनं आधी मला बघितलं, मग यशीला, मग आमच्या हातांकडं. गोठ्याकडं वळून म्हणाली, "शेण न्ह्यायला आलास व्हय? भरून ठिवलंय बग, घे तिथली पाटी."

मी हललो नाही.

"शेण न्ह्यायला न्हाय आलो, काकी. बाळूला न्ह्यायला आलोय. पाटी त्याच्याकडं द्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. आतनं तात्यांच्या खोकल्याचा आवाज आला. बाळू दप्तर घेऊन तिच्यामागं येऊन उभा राहिला होता, त्यानं यशीकडं बघितलं. यशीनं त्याच्याकडं बघितलं. मी उंबऱ्याच्या बाहेर, हात रिकामे, उभा राहिलो. आणि तो पाटी उचलेपर्यंत तिथनं हललो नाही.